लळिंगच्या पायथ्याशी झालेला वाद आणि भटक्यांचे इतर प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत खान्देशातील डोंगरभटके, पक्षिनिरीक्षक आणि छायाचित्रकार यांची इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा पंधरा-सोळा जणांचा गट दर महिन्याला लळिंग, सोनगीर, भामेर अशा एखाद्या किल्ल्यावर जातो. एप्रिलमध्ये लळिंगहून उतरल्यावर सावलीत बसलो असताना उन्हाचा विषय निघाला. आमच्यातील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘आमना खान्देशमा ऊन काय नवं शे? बहात्तरचा दुष्काळ आम्ही पाहिला आहे, हे सगळे निसर्गाचे चक्र आहे.’ त्यावर एका तरुणाने त्यांना अडाणी म्हटले आणि परवाची गारपीटही तापमानवाढीमुळेच झाली, असे ठणकावून सांगितले. शब्दाने शब्द वाढला आणि दोघांनी गट सोडला. आता हा विषय गटात काढायचाच नाही, असा ठराव काही जण मांडत आहेत. तो योग्य होईल का? आणि आम्ही खरे काय मानावे? (धुळे)

उत्तर : असा ठराव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची पावले दर महिन्याला डोंगरावर पडतात त्यांनीच डोंगरावरच्या हवेविषयी बोलायचे सोडले, तर मग ते बोलायचे कोणी? मात्र आपल्या पत्रावरून असे दिसते की त्या दिवशी तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले. तापमान वाढते आहे का, कशामुळे वाढते आहे, आणि त्यावर कोणी काय करावे, हे ते तीन प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरे मोजमापाने मिळतात. तिसऱ्यात पैसा, न्याय आणि पुढच्या पिढ्यांविषयीचे आपले कर्तव्य येते आणि तेथे शहाण्या माणसांचेही मतभेद होतात.

ज्येष्ठ सदस्यांच्या म्हणण्यातील जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये पसरलेले आहे, समुद्र दूर आहे, आणि पिके निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन मार्चपासून तापू लागते. त्यामुळे जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जाणे ही आजोबांच्या पिढीलाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. १९७२चा दुष्काळ हेही खरे, आणि मोसमी पाऊस मुळातच लहरी आहे, हेही खरे. परंतु तापमानवाढीचा निष्कर्ष एका गावच्या एका दुपारवर उभा नाही. एका दिवसाची हवा आणि निदान ३० वर्षांच्या सरासरीने ठरणारे हवामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९०१पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले, हेही भारतीय हवामान विभागाने जाहीर केले आहे.

हे निसर्गाचेच चक्र असेल का, हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. शास्त्रज्ञांनी तो सर्वांत आधी स्वतःलाच विचारला. पृथ्वीच्या कक्षेत आणि तिच्या अक्षाच्या कलात होणाऱ्या बदलांमुळे हिमयुगे आली आणि गेली, पण त्या चक्रांना हजारो वर्षे लागतात आणि आताची वाढ शे-दीडशे वर्षांतली आहे. सूर्य अधिक तापला असेल म्हणावे, तर १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची ऊर्जा सतत मोजत आहेत आणि तिच्यात या वाढीला कारण ठरेल अशी वाढ आढळलेली नाही. याहून मोठा पुरावा वातावरणाच्या वरच्या थरात आहे, आणि तो समजण्यासाठी हिवाळ्यातील आपली गोधडी आठवावी. खोलीत शेकोटी पेटवली तर गोधडीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे ऊब वाढेल. गोधडीलाच आणखी एक थर शिवला, तर अंगाला अधिक ऊब मिळेल आणि गोधडीची बाहेरची बाजू पूर्वीपेक्षा गार लागेल. सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. म्हणजे गोधडी जाड झाली आहे.

ती कशाने जाड झाली, याचाही माग लागलेला आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२०च्या पुढे गेले आहेत. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी ते २८०च्या आसपास होते. हा जादा वायू ज्वालामुखींतून आलेला नाही, हे त्यातील कार्बनच्या प्रकारावरून कळते. वनस्पती हलका कार्बन अधिक घेतात, दगडी कोळसा आणि खनिज तेल ही प्राचीन जीवांचीच रूपे आहेत, आणि हवेतील हलक्या कार्बनचे प्रमाण त्याच हिशेबाने वाढते आहे. हा वायू उष्णता अडवतो, हे आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९च्या सुमारास प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे हे शास्त्र काल-परवाचे नाही.

आता त्या तरुण मित्राविषयी. बाजू बरोबर असली म्हणजे वाक्यही बरोबर असते असे नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. अशी एखादी घटना दाखवून ‘ही तापमानवाढीमुळेच’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. गारपिटीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे, कारण गारा लहानशा भूभागावर पडतात आणि त्यांच्या जुन्या नोंदी तुटक आहेत. जे खात्रीने म्हणता येते तेही कमी गंभीर नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि वर उल्लेखलेल्या अहवालानुसार मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, तर देशातील मोसमी पावसाचे एकूण प्रमाण १९५१ ते २०१५मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटले. पाऊस थोडक्या दिवसांत अधिक जोराने कोसळतो, तेव्हा उतारावरची माती वाहून जाते, वाटा खचतात आणि नाले अकस्मात फुगतात. हे तर डोंगरात जाणाऱ्यांच्या जिवाशी थेट जोडलेले आहे.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मनमोकळा वाद होऊ द्यावा. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा ‘श्रीमंत देशांनी केले ते आम्ही का निस्तरायचे’ हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला विज्ञानाचा विरोधक ठरवणे अन्यायाचे आहे. आपल्या देशाने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे वायू हवेत सोडू तेवढेच शोषून घेण्याचे, उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते लवकर की उशिरा, कोळशाच्या खाणीवर आणि वीजकेंद्रावर पोट असणाऱ्यांचे काय, यावर गटात दोन मते असली तर बिघडत नाही.

एवढेच सुचवतो की हा विषय चढणीवर काढू नये, कारण दमलेला माणूस ऐकून घेत नाही. उतरल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर काढावा, आणि आकडा सांगणाऱ्याने तो कोठून घेतला हेही सांगावे. गट सोडून गेलेल्या दोघांकडे मात्र आपण स्वतः जावे, आणि ज्येष्ठांकडे जाताना त्या तरुणाला बरोबर न्यावे. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत अडाणी म्हटल्याबद्दल त्याने क्षमा मागितली पाहिजे. बहात्तर पाहिलेला माणूस गटात असणे ही आपली मिळकत आहे. त्या वर्षी कोणते झरे टिकले आणि कोणते आटले, हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

प्रश्न : आम्ही गेल्या तीन पावसाळ्यांत शहाद्याहून तोरणमाळच्या वाटेवर बीजगोळे टाकतो. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प यांच्या बिया सहज मिळतात. उजाड माळ हिरवे व्हावेत, ही आमची तळमळ आहे. परंतु एका वन कर्मचाऱ्याने आम्हाला हे थांबवण्यास सांगितले. झाडे लावणाऱ्याला अडवणे योग्य आहे का? (शहादा)

उत्तर : आपली तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो : त्या कर्मचाऱ्याने योग्य तेच सांगितले. मी स्वतः तरुणपणी अनेक पावसाळे डोंगरउतारांवर सुबाभळीचे बी उधळले आहे आणि आज त्या उतारांवर दुसरे काही उगवत नाही, हे पाहताना मला मनापासून वाईट वाटते. सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही मध्य अमेरिकेकडची झाडे आहेत, गुलमोहर मादागास्करचा आहे. सुबाभूळ तर एकदा पसरली की आवरत नाही.

आपण शहाद्याचे आहात, म्हणून आपल्याच दारातील एक हकीकत सांगतो. रानपिंगळा या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३मध्ये झाले. १८८४मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात त्याचा नमुना मिळवला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला खात्रीने दिसला नाही. तो नामशेष झाला असेच अनेकांनी धरले होते. मधल्या काळातील एक नमुना १९१४चा म्हणून संग्रहालयात होता, पण तो चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी पुन्हा शोधून काढला. तो दिवसाढवळ्या वावरतो, सागाच्या विरळ, पानझडी रानात राहतो, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो आणि मोकळ्या जागी उतरून सरडे, उंदीर टिपतो. जे रान आपल्याला उन्हाळ्यात उजाड वाटते तेच त्याचे घर आहे. माळरानांचेही तसेच. गवताळ माळ म्हणजे झाडे हरवलेले जंगल नव्हे, ती लांडगा, ससा, चंडोल आणि तितर यांची वस्ती आहे, आणि गवताच्या मुळांशी जमिनीत कार्बनही साठतो.

सातपुड्याला बियांची वाण नाही. अंजन, सालई, धावडा, मोह, पळस, टेंभुर्णी, चारोळी दरवर्षी आपले बी टाकतातच. रोपे उगवतात आणि फेब्रुवारी ते मे या काळात वणव्यात जळून जातात किंवा चरली जातात. म्हणून बीजगोळ्यांचे श्रम जानेवारीत वन विभागाच्या परवानगीने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे, साफ करण्याकडे वळवावेत. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि ती आग कधी पसरते. परंतु त्यासाठी आदिवासी बांधवांना दोष देत फिरू नये, कारण मोहफुले हे त्यांचे अन्न आणि रोकड दोन्ही आहे. झाडाखालचा पाचोळा झाडून काढणे किंवा फुले झेलण्यासाठी जाळी बांधणे असे मार्ग आहेत, आणि ते गावकऱ्यांबरोबर बसूनच ठरतात.

साक्री तालुक्यातील बारीपाडा अवश्य पाहून यावे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तोड थांबवली, चराईला शिस्त लावली, राखणीच्या पाळ्या ठरवल्या, आणि ४०० हेक्टरांहून अधिक रान पुन्हा उभे राहिले. पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या रानाचा मोठा भाग कोणी लावलेला नाही. तो राखलेला आहे. ‘लावणे’ आणि ‘राखणे’ यांतील फरक तेथे डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : पाटणादेवी किंवा पालला जायचे तर आम्ही मैत्रिणी गाडी करतो. पेट्रोल जाळत निसर्ग पाहायला जायचे आणि तेथे तापमानवाढीवर बोलायचे, हा दुटप्पीपणा आहे, असे वडील म्हणतात. मला उत्तर देता आले नाही. (जळगाव)

उत्तर : हिशेब मांडला की उत्तर सापडते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी १५० किलोमीटरची फेरी करते तेव्हा १० लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे २३ किलो वायू. गाडीत एकटी असाल तर तो सगळा तुमच्या वाट्याचा, चौघी असाल तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा किलोही नाही. चाळीसगावपर्यंत रेल्वेने गेलात आणि पुढे मिळेल त्या सार्वजनिक वाहनाने पाटणादेवी गाठली, तर तो वाटा आणखी पुष्कळ खाली येतो. वडिलांचा प्रश्न योग्य आहे, त्यावर रागावू नये. पण निर्दोष होईपर्यंत बोलूच नये, असा नियम केला तर या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणालाच उरणार नाही. दर आठवड्याला धावती भेट देण्यापेक्षा महिन्यातून एकदा जाऊन तेथे दोन दिवस राहावे. रानाची ओळखही तशीच होते.

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आल्यापासून तेथील क्षितिज हरवले आहे. हवामानबदलाविषयी बोलणारेच पवनचक्क्यांचे समर्थन करतात. निसर्गप्रेमी माणसाने कोणाची बाजू घ्यावी? (साक्री)

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, ओळखीचे क्षितिज बदलणे हे नुकसानच आहे. परंतु एक गोष्ट आपणापुढे ठेवतो. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशापासून एक युनिट वीज बनवताना जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि राखही मागे उरते. आपण तेथे छायाचित्रे काढायला जात नाही, म्हणून ते क्षितिज आपल्या दुःखात येत नाही. तेथे राहणाऱ्यांच्या ते रोज डोळ्यांसमोर असते. त्यामुळे पवनऊर्जेला सरसकट विरोध करणे मला पटत नाही.

म्हणून पवनचक्की कोठेही उभारावी असेही नाही. पठारावर रस्ते कापले जातात, उताराची माती सुटते, आणि वाऱ्याच्या झोतावर घिरट्या घालणारे गरुड, गिधाडे यांसारखे मोठे पक्षी पात्यांना व तारांना धडकून मरतात. अशा पक्ष्यांना वर्षाला एखाद-दुसरेच पिल्लू होते, म्हणून थोडे मृत्यूही त्यांना भारी पडतात. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेखाली पवनऊर्जा प्रकल्पांना पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे. कोणत्याही नव्या जागेवर निदान एक वर्षभर, सर्व ऋतूंत, पक्ष्यांची पाहणी व्हावी आणि गावाच्या ग्रामसभेचे म्हणणे नोंदले जावे, अशी मागणी आपल्यासारख्यांनी केली पाहिजे. आपल्याकडे त्या पठाराची जुनी छायाचित्रे असतील. कोणत्या महिन्यात कोणते शिकारी पक्षी तेथे दिसत असत, हे तारखांसह लिहून काढावे. अशा मागणीला त्याच कागदाने बळ येईल.

प्रश्न : दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला आम्ही जातो. वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटे इतकी असतात की मन विटते. भाविकांना काही बोलावे का? (नंदुरबार)

उत्तर : यात्रेच्या गर्दीत उपदेश करू नये, ज्या श्रद्धेने लोक रात्र-रात्र चालून अश्वत्थाम्याच्या शिखरावर जातात तिचा मान राखावा. आपल्या गटाने एक-एक पोते घेऊन उतरताना वाटेवरचा कचरा गोळा करावा आणि तो वर जाळू नये, खाली आणावा. यात्रेआधी वाटेवरच्या गावांतील दुकानदारांना भेटून पिण्याच्या पाण्याचे माठ भरून ठेवता आले, तर बाटल्या आपोआप कमी होतील.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. गेली चौदा वर्षे यावल-चोपड्याच्या रानाकडे फिरायला जातो आणि पळस कधी फुलला, मोहाचे पहिले फूल कधी पडले, पावश्याचा ‘पेरते व्हा’ कधी ऐकू आला, हे वहीत टिपतो. मुले म्हणतात, आता उपग्रह सगळे पाहतात, या वह्यांचा काय उपयोग? (यावल)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. दरबारी लोकांनी आपल्या उत्सवांसाठी त्या ठेवल्या होत्या. हवामान समजावे हा त्यांचा हेतू नव्हता, पण आज त्याच नोंदींवरून बहर पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्याचे कळते, आणि २०२१चा बहर बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरच्या बहरांपैकी ठरला. उपग्रहाला रान हिरवे झाले हे दिसते. मोहाचे पहिले फूल कोणत्या पहाटे पडले आणि पावशा कधी बोलला, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे अशा नोंदी फार थोड्या आहेत, आणि सातपुड्याच्या तर त्याहूनही थोड्या.

चौदा वर्षे हा हवामानाच्या मोजणीत लहान काळ आहे, तेव्हा त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. परंतु वही अधिक उपयोगी करता येईल. दरवर्षी तीच ठरावीक पाच-सात झाडे पाहावीत आणि त्यांची जागा नीट लिहावी. ज्या दिवशी गेलात पण फूल नव्हते, तो दिवसही लिहावा, कारण पहिले फूल खरोखर त्याच आठवड्यात आले हे त्यावरूनच सिद्ध होते. आजारपणाने किंवा परगावी असल्याने जाता आले नाही तर ती जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. झाडांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात आणि पक्ष्यांच्या ‘ई-बर्ड’वर देता येतात, मुलांना हे काम सांगावे, म्हणजे वह्यांचे मोल त्यांनाही कळेल. मूळ वह्यांची छायाचित्रे काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

आपली हरकत नसेल तर गेल्या चौदा वर्षांतील मोहाच्या पहिल्या फुलाच्या तारखा आम्हाला पाठवाव्यात. त्या आहेत तशा, एकही तारीख न बदलता, पुढील अंकात छापू.